पुन्हा रक्त द्यावे लागले तेव्हा : आमच्या भागातील पॅथॉलॉजी लॅब

माझ्या ७६ वर्षांच्या मधुमेही आईच्या तपासण्या गेली तीन वर्षे आम्ही पुण्यात घराजवळच्या एका लॅबमध्ये करतो. लॅबचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या काउंटरविषयी माझी तक्रार आहे तेथील माणसे दर काही महिन्यांनी बदलतात, आणि ज्यांचे कौतुक करायचे आहे त्या तंत्रज्ञ बाईंना प्रसिद्धी आवडेल असे वाटत नाही.

मागच्या खेपेस दुपारी फोन आला की, ‘टेक्निकल कारणाने’ पोटॅशियमसाठी पुन्हा रक्त द्यावे लागेल. याहून अधिक खुलासा काउंटरवरच्या मुलीने केला नाही. हातावर काळानिळा डाग घेऊन आई दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पोहोचली ती भांडायच्या तयारीनेच. “अगं, काल नेलेलं रक्त सांडलंत की हरवलंत?” या प्रश्नावर तंत्रज्ञ बाईंनी आधी तिला बसवले, तिचे सगळे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले आणि मग सांगितले, “आजी, यात तुमचं काही चुकलेलं नाही. काल रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. तो वाढीव आकडा तसाच छापला असता, तर डॉक्टरांनी नसलेल्या आजारावर औषध दिलं असतं.”

आई एवढ्यावर थांबणारी नव्हे. काल जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्येही रक्त घेतले होते, त्यातूनच का तपासत नाही, असे तिने विचारले. त्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेला ईडीटीए हा पोटॅशियमचाच क्षार असतो, त्यामुळे तेथे आकडा आणखी फसवा येईल, हे बाईंनी बल्ब हातात घेऊन दाखवले. शिवाय मूठ सारखी उघडझाप केल्यानेही पोटॅशियम वाढते, म्हणून या वेळी हात सैल ठेवायला सांगितले. इतकी वर्षे आईला सगळीकडे मूठ वळायलाच सांगत आले होते! शीर दोनदा न सापडल्यास तिसऱ्यांदा सुई न टोचता दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावण्याची त्यांची पद्धतही मी पूर्वी पाहिली आहे.

काउंटरचे मात्र काही खरे नाही. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आलेले मधुमेही आणि केवळ रिपोर्ट न्यायला आलेले लोक एकाच रांगेत उभे केले जातात, आणि साखर उतरल्यामुळे एखाद्याची चिडचिड झाली की स्क्रीनवरची नजर न हलवता “सिस्टीम स्लो आहे” एवढेच उत्तर मिळते. दहा तास न जेवलेल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला पुढे घेणे सोपे असते, हे तेथे कोणी शिकवलेले दिसत नाही. तक्रारवही आहे, पण ती मागितल्यावर ड्रॉवरच्या तळातून निघाली.

दुसऱ्या नमुन्याचे पैसे घेतले नाहीत आणि अहवाल त्याच संध्याकाळी मिळाला, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो. उरलेला दीड काउंटरने घालवला. पुढच्या महिन्यातील तपासणीसाठी आईने मला लॅबची वेळ विचारायला सांगितलेली नाही. त्या बाईंची ड्युटी कोणत्या दिवशी आहे, एवढेच विचारून घ्यायला सांगितले आहे.