ओमांच्या आयुष्याचे पुस्तक : कौटुंबिक चरित्र तयार करून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

माझ्या आजेसासूबाईंना घरातले सगळे डच पद्धतीने ‘ओमा’ म्हणत. नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतातून १९५४ साली कॅनडात आलेल्या ओमा २०१९ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ऑन्टॅरिओत वारल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या चार मुलांपैकी थोरली मुलगी, म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, आणि ज्यांनी ओमांना तरुणपणी पाहिले अशी माणसे फार काळ आपल्यात असणार नाहीत हे लक्षात आल्यावर आम्ही कुटुंबाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचे पुस्तक करून देणाऱ्या एका कंपनीची सेवा घेतली. कंपनीचे नाव मी देत नाही. अशा कंपन्या आता बऱ्याच आहेत, त्यांची कामाची रीत जवळजवळ सारखीच असते, आणि ज्यांना आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी असे काही करायचे आहे त्यांना या रीतीतले बरेवाईट कळावे, एवढाच माझा हेतू आहे.

रीत अशी. कुटुंबातल्या प्रत्येकाशी एक मुलाखतकार दूरध्वनीवर स्वतंत्रपणे तासभर बोलते, ते बोलणे संगणक लिहून काढतो, त्यावरून संपादक सलग मजकूर तयार करतो, कुटुंब तो दोनदा तपासते आणि शेवटी कापडी बांधणीचे, छायाचित्रांसह दीडशे-एकशेसाठ पानांचे पुस्तक हातात येते. मूळ ध्वनिमुद्रणेही ऐकायला मिळतात. आम्हाला चार प्रतींसह सुमारे नऊशे कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. माझे मत आधीच सांगते : या पैशांतली ध्वनिमुद्रणे अमोल आहेत, आणि पुस्तक मात्र आम्ही भांडून दुरुस्त करून घेतले नसते तर ते दुसऱ्याच कुणाचे तरी चरित्र झाले असते.

मुलाखतींविषयी मनापासून चांगले लिहावेसे वाटते. मुलाखतकार बाई घाई करत नव्हत्या, आणि ‘आई कशी होती’ यासारखा उत्तर देणाऱ्याला गप्प करणारा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. माझ्या सासऱ्यांना त्यांनी विचारले, की सकाळी स्वयंपाकघरातून पहिला आवाज कशाचा येत असे. सासरे थोडा वेळ थांबले आणि मग भिंतीवर टांगलेल्या, हाताने फिरवायच्या कॉफीच्या चक्कीविषयी, ती नेदरलँड्सहून कशी आली त्याविषयी, आणि ती चक्की फिरण्याच्या वेगावरून आईचा आजचा दिवस कसा आहे हे मुलांना अंथरुणातच कसे कळत असे त्याविषयी चाळीस मिनिटे बोलले. त्यांना इतके सलग बोलताना मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ऐकले नव्हते.

या सेवेचा खरा गुण मात्र मला मुलाखती स्वतंत्रपणे घेण्यात दिसला. सगळे एकत्र बसले की थोरल्याची आठवण हीच सर्वांची आठवण होते आणि धाकटे तिला मान हलवत राहतात. इथे तसे झाले नाही, आणि त्यामुळेच कुऱ्हाडीचा उलगडा झाला.

ओमांच्या घरात माळ्याच्या जिन्याच्या वरच्या टोकाला एक कुऱ्हाड खिळ्याला टांगलेली असे. त्यांनी हयातीत तीन घरे बदलली आणि प्रत्येक घरात पहिल्या दिवशी ती कुऱ्हाड वर गेली. तिने लाकूड फोडायला मुलांना सक्त मनाई होती, सरपणासाठी वेगळी कुऱ्हाड परसात असे. आत्येसासूबाईंनी मुलाखतीत सांगितले, की आईला चोरांची भीती वाटत असावी. त्याच आठवड्यात धाकट्या काकांची मुलाखत झाली. ओपांच्या, म्हणजे ओमांच्या यजमानांच्या, शेवटच्या आजारपणात काका रुग्णालयात रात्री सोबतीला असत आणि तेव्हा ओपांनी त्यांना १९५३ सालच्या महापुराविषयी प्रथमच सांगितले होते. माळ्यावर पाणी चढले तेव्हा हाताशी काहीच नव्हते, म्हणून ओपांनी खाटेची लोखंडी पट्टी उचकटून तिने आतून कौले फोडली, आणि ओमा साडेतीन महिन्यांच्या मुलीला पोटाशी बांधून त्या भगदाडातून छपरावर चढल्या. ती मुलगी म्हणजे आत्येसासूबाई. काकांना वडिलांचे बोलणे माहीत होते, पण ती कुऱ्हाड कशासाठी होती हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आत्येसासूबाईंना कुऱ्हाड माहीत होती, छपराचा प्रसंग नव्हता. दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकल्यावर आम्हा सगळ्यांना एकदमच कळले, आणि आत्येसासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ मधल्या त्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचे वादळ एकाच वेळी आले आणि नैऋत्य नेदरलँड्सचे बांध जागोजागी फुटले. देशात १,८३६ माणसे गेली. रात्रीच्या पाण्यातून वाचलेली पुष्कळ माणसे रविवारी दुपारच्या दुसऱ्या भरतीत गेली, कारण पहिल्या पाण्याने खिळखिळी झालेली घरे तेव्हा कोसळली. ओमांचे गाव स्खाउवेन-डाइवेलांड बेटावर, आउवरकेर्क या गावापासून जवळ होते. तिथला शेवटचा मोठा खिंडार बुजवायला ६ नोव्हेंबर उजाडावा लागला आणि त्यासाठी समुद्रात बुडवलेल्या काँक्रीटच्या अजस्र पेट्यांपैकी चार पेट्यांमध्येच आज त्या महापुराचे संग्रहालय आहे. ओपा दुसऱ्याच्या शेतावर मजूर होते. जमिनीत खारे पाणी महिनोन्‌महिने राहिल्यावर मालकापाशीच काम उरले नाही, तर मजुरापाशी कुठून असणार? युद्धानंतर हजारो डच कुटुंबे कॅनडाला जातच होती. त्या देशाच्या सैनिकांनी नेदरलँड्सच्या मोठ्या भागाला १९४४-४५ मध्ये जर्मनांच्या ताब्यातून सोडवले होते, त्यामुळे ते नाव घरोघरी आपुलकीने घेतले जात होते. ओपांनीही अर्ज केला.

पुस्तकाचे दोष इथूनच सुरू होतात. पहिला दोष यांत्रिक आहे. संगणकाने लिहून काढलेल्या मजकुरात ‘ओमा’चे अनेक ठिकाणी ‘ओमाहा’ हे अमेरिकेतले शहर झाले होते. देशाबाहेर चलन नेण्यावर तेव्हा कडक मर्यादा असल्यामुळे डच स्थलांतरित आपली पुंजी वस्तूंमध्ये घालून त्या एका मोठ्या लाकडी पेटाऱ्यात भरून नेत. त्या पेटाऱ्याला ‘किस्ट’ म्हणतात, आणि ओमांच्या प्रत्येक गोष्टीत तो येतो : त्यात खाटा, सायकली, गाद्या, कॉफीची चक्की आणि शिवणयंत्र आले, आणि पेटारा रिकामा झाल्यावर त्याचे कोंबड्यांचे खुराडे झाले. संगणकाने या शब्दाचे सर्वत्र ‘चुंबन घेतले’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद करून टाकले होते आणि संपादकाने ते तसेच राहू दिले होते. ज्या कुटुंबाच्या बोलण्यात दुसऱ्या भाषेचे शब्द सहज येतात त्यांनी अशा शब्दांची यादी अर्थासह आधीच लिहून द्यावी. कंपनीने ती मागितली नव्हती, पण पहिल्या तपासणीनंतर आम्ही दिली तेव्हा तिचा चांगला उपयोग झाला.

दुसरा दोष माहितीचा. ओमा-ओपा टोरोंटोच्या उत्तरेला हॉलंड मार्श या भागात एका शेतकऱ्याकडे वर्षभर राबण्याच्या बोलीवर आले. काळ्याभोर, भुसभुशीत मातीची ही जमीन १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात दलदल उपसून, कालवे आणि बांध घालून तयार केली गेली आणि १९३४ पासून तिथे डच कुटुंबे वसली. कांदे आणि गाजरे हे तिथले मुख्य पीक. संपादकाने लिहिले, की डच लोकांवरून त्या भागाला हॉलंड हे नाव पडले. ते खरे नाही. ते नाव हॉलंड नदीवरून आलेले आहे आणि नदीचे नाव अठराव्या शतकातल्या सॅम्युएल हॉलंड या भूमापन अधिकाऱ्यावरून. हा गृहस्थ जन्माने डच होता, एवढाच काय तो योगायोग. ओमांना हे ठाऊक होते आणि पाहुण्यांची चूक त्या आवर्जून दुरुस्त करत, म्हणून त्यांच्याच पुस्तकात ती चूक छापली जाणे आम्हाला सहन होण्यासारखे नव्हते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. संपादकाच्या मनात स्थलांतरिताच्या आयुष्याचा एक साचा आधीच तयार होता : संकट, प्रवास, कष्ट, यश आणि कृतज्ञता. ओमांचे आयुष्य त्यात बसत नव्हते, म्हणून ते बसवले गेले. आत्येसासूबाईंचे ध्वनिमुद्रणातले वाक्य असे होते, की “आईने पहिली सात वर्षे कॅनडाला घर म्हटले नाही, ती ‘इथे’ एवढेच म्हणे.” पुस्तकाच्या मसुद्यात त्याचे “हळूहळू त्यांनी या नव्या देशाला आपलेसे केले” असे झाले होते. १५ ऑक्टोबर १९५४ ला हेझल चक्रीवादळ ऑन्टॅरिओवर आले, प्रांतात ८१ माणसे दगावली आणि बांध ओलांडून आलेल्या पाण्याखाली हॉलंड मार्शचा सपाट प्रदेश गेला. समुद्राच्या पाण्यातून वीस महिन्यांपूर्वी वाचलेली, सात महिन्यांची गरोदर असलेली बाई समुद्रापासून शेकडो मैल आत येऊन पुन्हा पाण्यात सापडली. शेजाऱ्याच्या ट्रकमधून ती दोघे मुलीला घेऊन शेजारच्या ब्रॅडफर्ड गावाच्या उंच भागात पोहोचली. त्या रात्री ओमा ओपांना म्हणाल्या, की परतीच्या तिकिटाचे पैसे असते तर मी उद्याच निघाले असते. हे ओपांनी सांगितलेले आणि दोन मुलांनी वेगवेगळे आठवलेले वाक्य मसुद्यातून वगळण्यात आले होते. विचारल्यावर उत्तर मिळाले, की कुटुंबे साधारणपणे उत्साहवर्धक सूर पसंत करतात.

आम्ही तो सूर नाकारला. दोन तपासण्या मूळ किमतीत होत्या, तिसरीसाठी वेगळे पैसे घेतले गेले, आणि ते मला अन्याय्य वाटते, कारण चुका आमच्या नव्हत्या. पण मागण्या लेखी आणि वाक्यागणिक केल्यावर कंपनीने त्या पूर्ण केल्या, हेही नोंदवले पाहिजे. ‘इथे’ हा शब्द परत आला. तिकिटाचे वाक्य परत आले. सात वर्षांनी काय घडले, ओमा ‘घर’ कधी म्हणू लागल्या, याविषयी मुलांच्या तीन वेगवेगळ्या आठवणी आहेत. एकाच्या मते स्वतःची सहा एकर जमीन झाली तेव्हा, दुसऱ्याच्या मते ओमांची आई झेलंडमध्ये वारली आणि परत जाण्याचे कारण संपले तेव्हा, आणि आत्येसासूबाईंच्या मते तसे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. संपादकाला यांतली एक आठवण निवडायची होती. आमच्या आग्रहावरून तिन्ही एकाखाली एक, ज्याच्या त्याच्या शब्दांत छापल्या गेल्या, आणि पुस्तकातले ते पान मला सर्वांत आवडते.

कागदपत्रांची शहानिशा ही सेवा करत नाही, ती अपेक्षाही ठेवू नये. ओमा कोणत्या बोटीने आल्या यावर घरात वाद होता. आत्येसासूबाई ‘झाइडरक्राइस’ म्हणत, सासरे ‘ग्रोटे बेअर’ म्हणत. त्या क्वेबेकला उतरल्या की हॅलिफॅक्सला, यावरही एकमत नव्हते. १९३६ पासूनच्या आगमनाच्या नोंदी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे असतात. मृत्यूचा दाखला जोडून आणि पाच डॉलर शुल्क भरून आम्ही अर्ज केला, आणि ‘ग्रोटे बेअर’, हॅलिफॅक्स, मार्च १९५४ अशी नोंद मिळाली. मार्च महिना कळल्यावर क्वेबेकचा प्रश्न उरलाच नाही, कारण सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठत असल्याने त्या काळी थंडीतल्या बोटी हॅलिफॅक्सच्या पियर २१ धक्क्यालाच लागत. १९२८ ते १९७१ या काळात दहा लाखांच्या आसपास माणसे ज्या धक्क्यावरून कॅनडात आली, तिथे आता स्थलांतराचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. पुस्तक छापायला देण्याआधी हे काम स्वतः उरकावे असे मी सुचवेन, कारण नंतर एक तारीख बदलली तरी पाने पुन्हा मांडावी लागतात.

छपाई चांगली आहे, कागद जाड आहे. जुन्या छायाचित्रांचे काळे भाग थोडे अधिकच काळे आले आहेत. ओमांच्या बहिणीची झेलंडहून आलेली निळ्या हवाई कागदावरची पत्रे आम्ही दिली होती. डचचे भाषांतर करण्याची सोय सेवेत नाही, त्यामुळे ती नुसतीच चित्रांसारखी छापली गेली, आणि ज्या नातवंडांसाठी हा सगळा खटाटोप केला त्यांना ती वाचता येत नाहीत. यासाठी वेगळा भाषांतरकार आधी पाहायला हवा होता. तिथे आम्ही कमी पडलो.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी केवळ ध्वनिमुद्रणांचा, निम्म्याहून कमी किमतीचा पर्याय घेईन आणि पुस्तक घरीच करीन. एक गोष्ट करारात बारीक अक्षरांत आहे, ती आवर्जून सांगते : ध्वनिफिती कंपनीच्या संगणकावर पाचच वर्षे राहतात. आम्ही त्या लगेच उतरवून पाचही घरांत ठेवल्या आहेत. आत्येसासूबाईंना वाचण्याचा आता त्रास होतो. त्या धाकट्या भावाची फीत लावतात, छपराचा भाग आला की आवाज मोठा करतात, आणि तेवढा संपला की पुन्हा मागे नेऊन ऐकतात.