डिस्क-पॅड नवे, तरी स्टीअरिंग थरथरतंय: दुसरा जोड, लेथ की हब?

ब्रेक मारला की स्टीअरिंग हातात थरथरतं, आणि डिस्क-पॅड बदलून फार दिवसही झालेले नाहीत. अशा वेळी बेळगावात दोन सल्ले हमखास मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, डिस्कच आउट आल्यात, म्हणजे डगमगत फिरतात, दुसरा जोड घालू. उद्यमबागेतला कुणी ओळखीचा म्हणतो, ‘आणा की वो इकडं, लेथवर एक कट मारून देतो.’ तिसरा मार्ग फारसा कुणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही: डिस्क उतरवायची, हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग, घासायचा आणि डिस्क किती डगमगते ते काट्यावर दाखवणारा डायल गेज लावायचा.

आधी थरथर ब्रेकचीच आहे ना, ते बघा. ब्रेक न लावताही ऐंशीच्या वर गाडी थरथरत असेल, तर चाकांचं बॅलन्सिंग किंवा टायर तपासा. ब्रेक लावल्यावरच स्टीअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्क, आणि सीटखालून किंवा पेडलला जास्त जाणवत असेल तर बहुधा मागचे ड्रम. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश किंवा स्टीअरिंगचे सांधे (टाय रॉड एंड) ढिले असले की बारीक थरथरसुद्धा मोठी वाटते.

यापुढचा निर्णय एका प्रश्नावर ठरतो: थरथर पहिल्या दिवसापासून आहे, की दोन-तीन हजार किलोमीटरनंतर लागली?

पहिल्या दिवसापासून असेल तर नवी डिस्क नीट बसलीच नसण्याची शक्यता जास्त. खानापूर-चोर्ल्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीच्या हबवर गंजाचे पापुद्रे धरतात. घाईत ते न काढता डिस्क ठोकून बसवली, की हबच्या कडेला ०.०३ मिमीचा कण डिस्कच्या बाहेरच्या कडेला जवळजवळ दुप्पट होतो. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. बसवणारा मिस्त्री ठासून सांगत होता, ‘डिस्क नवी हाय, तिला काय हुतंय?’ डिस्क खरंच चांगली होती. तिच्या आतल्या तोंडावर मात्र एका बाजूला नखाएवढा तांबडा डाग उमटलेला, आणि हबवर त्याच जागी खपली. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं हब चकचकीत केला, डिस्क सगळ्या नटांनी आवळली आणि कडेपासून साधारण १० मिमी आत डायल गेज टेकवला. आधी बारा घरं फिरणारा काटा चारवर आला. एक घर म्हणजे ०.०१ मिमी. ०.०५ च्या आत असलं की मी समाधानी असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.

घासूनही काटा जास्त फिरला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजायची. चार नटांच्या चाकाला अशा चार जागा मिळतात, त्यातली सगळ्यात कमी आउट असलेली पकडायची. पैसे जवळजवळ लागत नाहीत, सकाळ मात्र जाते.

थरथर उशिरा लागली असेल तर नुसता हब घासून भागत नाही. आउट असलेली डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासत राहते, ब्रेकवर पाय नसतानाही. तिथं ती झिजते आणि तिची जाडी असमान होते. मायक्रोमीटरनं गोल फिरून आठ ठिकाणी मोजा, ०.०१५ मिमीचा फरकही स्टीअरिंगला कळतो. अशा डिस्कला लेथ किंवा बदली, दोनच वाटा.

लेथबद्दल माझं मत मिश्र आहे. आपल्याकडचे टर्नर हातानं चांगले, पण डिस्क लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरली की ती चकच्या हिशेबानं सरळ होते, गाडीच्या हबच्या नाही. हब गंजलेला किंवा वाकडा असेल तर बसवल्यावर पुन्हा तेच. डिस्क हबवरच ठेवून कापणारं मशीन जवळपास मिळत असेल तर ते बरं. शिवाय डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते आणि नवी डिस्क सहसा तिच्यापेक्षा दोनेक मिमीच जाड असते. नव्या डिस्कचं ते मांस लेथवर घालवायला जिवावर येतं. कट घ्यायचाच तर दोन्ही बाजूंच्या डिस्कना घ्या.

दुसरा जोड मी तेव्हाच घेईन, जेव्हा स्वच्छ हबवर, सगळ्या जागा बदलूनही काटा ऐकत नाही, किंवा झिजलेली डिस्क कापल्यावर किमान जाडीच्या खाली जाणार असते. हब न घासता घातलेला दुसरा जोडही दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तिथंच येतो, आणि मग दोष कंपनीला.

कधी कधी डिस्क सरळ असते, नुसता पॅडचा लेप एका जागी बसलेला असतो. तवंदी घाट उतरून निपाणीत आलात आणि तापलेल्या डिस्कवर सिग्नलला पाय दाबून धरलात, की पॅडचा ठसा उमटतो. यावर उपाय पॅड पुन्हा बसवून घेण्याचा: साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न वापरता गार करायचं. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल त्याआधी ब्रेक क्लीनरनं पुसलेलं हवं. चाकाचे नट गननं ठोकू नका, टॉर्क पान्यानं आडवेतिडवे आवळा. मी हा सगळा कार्यक्रम रविवारी भल्या पहाटे उरकतो, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत.