गोलबॉलचा स्टार्टर संच: मुलांच्या गटासाठी काय घ्यावं आणि काय नको

गोलबॉल हा अंध आणि कमी दिसणार्‍यांचा खेळ: सगळे डोळे झाकून खेळतात, घंटेचा चेंडू समोरच्या गोलकडे जमिनीवरून फेकतात आणि आवाज ऐकून, आडवं पडून तो अंगाने अडवतात. त्यासाठी मुलांचा गट सुरू करणारे क्लब बहुतेक वेळा पहिल्याच खरेदीत फसतात. जाळीचे गोल येतात, नाव छापलेले टी-शर्ट येतात आणि चेंडू येतो एकच. दहा मुलांत एक चेंडू असला की तासातला बराच वेळ मुलं नुसती आवाज ऐकत बसतात. स्टार्टर संचात चेंडू, डोळ्यांवरचे गॉगल, टेप, पॅड आणि कधी गोलही असतात. यातलं सगळंच लागतं, पण एकदम लागत नाही.

आधी चेंडू. नियमाप्रमाणे त्याचं वजन १.२५ किलो आणि घेर साधारण ७६ सेंटिमीटर. त्याला आठ भोकं असतात आणि आत घंटा. आकार मोठ्यांच्या बास्केटबॉलएवढाच, वजन मात्र जवळपास दुप्पट. हवा भरायची नसते, रबर जाड असतं, उसळी फार नसते. वस्तू म्हणून दणकट, पैसे वसूल. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना बिनधास्त हाच द्या.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र तो देऊ नये. पंजा पुरत नाही म्हणून मूल मनगट वळवून चेंडू अंगाशी दाबून धरतं, सोडायला उशीर करतं आणि चेंडू जमिनीला टेकण्याऐवजी हवेत उडतो. सामन्यात हा ‘हाय बॉल’ ठरतो, कारण चेंडू आपल्या बाजूच्या पहिल्या सहा मीटरमध्ये टेकलाच पाहिजे. शिक्षा म्हणून पूर्ण नऊ मीटरच्या गोलसमोर एकट्याने बचाव करावा लागतो. ‘वाक, अजून वाक’ असं कितीही ओरडलं तरी उपयोग नाही; दोष वजनाचा आहे. बचावात तर नुकसान जास्तच. सव्वा किलोचा चेंडू एकदा पोटात बसला की आवाज जवळ येताच मूल अंग मागे घेतं, आणि ही सवय मोडताना प्रशिक्षकाच्या नाकी नऊ येतात.

त्यामुळे बारा वर्षांखालच्यांसाठी घंटेचा हलका चेंडू घ्या. तो मिळेपर्यंत पाच नंबरचा फुटबॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. पिशवी सळसळते, एवढा आवाज पुरतो. गाठ बारीक ठेवून टेपने दाबा, नाहीतर गाठीवर आपटून चेंडू दिशा बदलतो. आपल्याकडच्या अंध शाळांमध्ये क्रिकेटचा छर्‍यांचा प्लॅस्टिकचा चेंडू असतोच. तो बचावाच्या सरावाला निरुपयोगी, कारण हाताखालून निसटतो. पण कान तयार करायला फार चांगला: मुलं वर्तुळात बसवा, चेंडू हळू सोडा आणि तो कुठे थांबला ते बोटाने दाखवायला सांगा.

विकत घेताना दुकानदाराला चेंडू हळू घरंगळवून त्याचा आवाज फोनवर पाठवायला सांगा. जोरात आपटला तर कुठलाही चेंडू वाजतो. संथ, सरळ चालीत वाजतो तो खरा. चेंडू पाण्याने धुवू नका. भोकांतून आत गेलेलं पाणी लवकर सुकत नाही. ओल्या फडक्याने पुसणं पुरे.

गॉगलमध्ये कंजुषी नको. मोठ्यांच्या मापाचे गॉगल मुलांच्या नाकापाशी उघडे राहतात, तिथून उजेड येतो आणि थोडं दिसणारं मूल नकळत त्या फटीतून बघायला लागतं. मग त्याचे कान तयारच होत नाहीत. घातल्यावर चेहर्‍यासमोर मोबाईलचा टॉर्च वरखाली फिरवा. मुलाला कुठूनही उजेड कळला तर स्पंज वाढवा किंवा आत डोळ्यांवर कापसाची पट्टी लावा. ज्याचा गॉगल त्याच्याकडे. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते तेव्हा एकच गॉगल चौघांनी घातला की पुढच्या आठवड्यात हॉल रिकामा. दृष्टिपटलाचा त्रास किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरवू नका. सगळेच पट्टी बांधून खेळत असल्याने सरावात डोळस भावंडंही चालतात, खेळाडूंची चणचण त्यातून सुटते.

मैदान १८ बाय ९ मीटर, म्हणजे थेट व्हॉलीबॉलचं. इनडोअर व्हॉलीबॉलच्या रेषा आखलेल्या असतील तर निम्मं काम झालं. बाहेरची चौकट ५४ मीटर आणि दर तीन मीटरवरच्या पाच आडव्या रेषा ४५, मिळून टेप लागते ९९ मीटर. वर खेळाडूंच्या खुणा. म्हणजे ५० मीटरचे दोन गुंडे कमी पडतात, तिसरा आणाच. टेप ५ सेंटिमीटर रुंद, खाली ३ मिलिमीटरची दोरी. गोलजवळच्या तीन मीटरच्या पट्ट्यात दोरी हवीच, कारण मूल हातापायांनी चाचपून तिथेच स्वतःची जागा ओळखतं. दोन्ही बाजूंची मिळून ४८ मीटर दोरी होते. ती ताणून धरायला एक माणूस आणि टेप दाबायला दुसरा लागतो; एकट्याने केलं की दोरी टेपमधून बाहेर येते आणि पाय अडकतो. सराव संपल्यावर टेप लगेच काढा. रात्रभर राहिली तर गोंद फरशीला धरतो आणि हॉलवाल्याशी वाजतं.

फरशी लाकडी किंवा सिंथेटिक हवी. कोटा किंवा शहाबादीवर कंबर आणि कोपर सोलवटतात. पॅड व्हॉलीबॉलचे चालतात, पण कमरेला जाड स्पंजची पँट घ्या. संचातले कमरेचे पॅड बहुधा सैल असतात आणि दुसर्‍याच उडीला सरकतात.

गोल शेवटी घ्या. नऊ मीटर रुंद, १.३ मीटर उंच सांगाडा ठेवायला जागा लागते, उचलायला चौघे. पहिले काही महिने मागे बाकं आडवी टाकून काम भागतं. पाठीमागे हाताला लागेल असं काही मात्र पाहिजेच, नाहीतर मूल सरकत सरकत मैदानाबाहेर जातं. सुरुवातीला चेंडू फेकायची दहा सेकंदांची मर्यादा मोजू नका आणि पहिल्या चार-पाच सत्रांत फेकणं जवळपास बंदच ठेवा. आधी फक्त बचाव शिकवा: कुशीवर आडवं पडायचं, दोन्ही हात डोक्याच्या पुढे लांब, पाय जुळलेले, तोंड मागे वळवलेलं. बोटं चेंडूकडे ताठ रोखली की मुरगळतात, म्हणून तळवे पुढे. वरचा पाय उचलला जातोय का, याकडे एका मदतनीसाने सतत लक्ष ठेवावं. चेंडू नेमका तिथूनच निसटतो.

दहा मुलांसाठी पैसे मोजकेच असतील तर खरेदीचा क्रम असा: दहा गॉगल, तीन हलके चेंडू, एक अधिकृत चेंडू, तीन गुंडे टेप, पॅड. टी-शर्ट पुढच्या वर्षी.