१९६५ची बीटल, अठरा महिन्यांनंतर: काय टिकलं, काय उखडलं

ही जुनी फोक्सवॅगन बीटल दुरुस्त करायला आणून अठरा महिने झाले. पहिले दहा महिने ती घोड्यांवर (गाडी उचलून ठेवायच्या स्टँडवर) उभी होती, गेले आठ महिने चालते आहे. मीटरवर ६,२०० किलोमीटर पडलेत. काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर सगळंच झकास वाटलं असतं, कारण नवा रंग ओला असताना कुठलीही गाडी देखणीच दिसते. म्हणून थांबलो.

बीटलच का, तर सुट्या भागांसाठी. १९३८ ते २००३ या काळात फोक्सवॅगनने २,१५,२९,४६४ बीटल बनवल्या. त्यामुळे आजही जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. दुर्मीळ गाडीचा मोह मलाही होता, पण एका काचेच्या पट्टीसाठी दोन-दोन वर्षं अडकलेले लोक पाहिलेत.

दोन गाड्या बघितल्या होत्या. पहिली रंगवलेली, एका सेल्फमध्ये सुरू होणारी. दुसरी कित्येक वर्षं शेडमध्ये पडलेली, टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचं घर, इंजिन जाम. मी दुसरी घेतली आणि घरच्यांनी डोक्याला हात लावला. पण खिशात लोहचुंबक होतं. पहिल्या गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर लावलं तर ते सरळ खाली पडलं. आत बोटभर जाडीची पुट्टी! मागच्या सीटखाली ताजं डांबर फासलेलं. दुसऱ्या गाडीत भोकं होती, पण ती उघड दिसत होती. तिला कुणी 'दुरुस्त' केलं नव्हतं, हीच तिची खरी किंमत. दुर्लक्षित गाडीत फक्त गंजाशी भांडायचं असतं. लपवाछपवी केलेल्या गाडीत आधीच्या माणसाशीही.

बीटल बघायला गेलात तर इंजिनाकडे शेवटी बघा. इंजिन गाडीला चार बोल्टांवर धरलेलं असतं, सरावाने तासाभरात खाली येतं (मला पहिल्यांदा अख्खा दिवस लागला). खरा खर्च पत्र्यात. दाराखालचे हीटर चॅनल म्हणजे इंजिनाकडची गरम हवा आत आणणाऱ्या पोकळ पेट्या. त्यांच्यावरच बॉडीची ताकद उभी असते आणि त्या आतून कुजतात. मग मागच्या सीटखाली बॅटरीची जागा, तिथला पत्रा ॲसिड खातं. तिथेच मधल्या बोगद्यावर चॅसिस नंबर ठोकलेला असतो. तो कागदांशी जुळला नाही तर पुढे काही बघूच नका.

जाम इंजिनाची गोष्ट मजेची. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं ओतलं आणि बारा दिवस रोज पुलीच्या बोल्टला पाना लावून हलकेच मागे-पुढे डोलवलं. जोर लावायचा नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतात. तेराव्या दिवशी सुटलं. सुटलं म्हणजे बरं झालं असं नाही. एका सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे होते. बीटलची चारही सिलिंडर सुटी असतात, म्हणून पिस्टनसकट नवा संच बसवला. क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा) पुढे-मागे खेळ मोजला, ०.१० मिलिमीटर भरला. ०.१५च्या वर असता तर इंजिनाचं केसिंग उघडावंच लागलं असतं.

आता टिकलं काय ते. विजेने गंज काढणं हा प्रकार मला आधी थापच वाटायचा. टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार्जरचं निगेटिव्ह गंजक्या भागाला, पॉझिटिव्ह एका टाकाऊ लोखंडी पत्र्याला. बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल एका रात्रीत गंजातून सुटले आणि त्यांचा रंग अजून अभंग आहे. काम उघड्यावरच करा, हायड्रोजन निघतो. टाकाऊ पत्रा स्टेनलेसचा नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियमही टाकू नका. माझं एक झाकण सोड्याने खाऊन टाकलं. जिथे कुजका पत्रा कापून नवा वेल्ड केला आणि पोकळीत मेण मारलं, तिथेही एक ठिपका नाही.

आणि उखडलं ते. उजव्या हीटर चॅनलच्या टोकाला कापायचा कंटाळा केला आणि गंज 'बदलणारं' काळं रसायन लावून वर रंग मारला. गाडी रस्त्यावर आल्यावर पाचव्या महिन्यात तिथे फुगे आले. दुसरं, टाकीच्या आत लावायचा लेप. चौथ्या महिन्यात गाडी आचके द्यायला लागली. पेट्रोलचा फिल्टर उघडला तर आत साप कात टाकतो तशी सालं. जुन्या पेट्रोलचा चिकट थर नीट न काढता मी वर लेप ओतला होता. तो सगळा खरवडून काढल्यावर कळलं की टाकी कुठे गळतच नव्हती! नसलेल्या रोगावरचं औषध.

दाराचे नवे रबर जाडेभरडे निघाले. दोन महिने दार आपटून लावायचो, सैल पडतायत म्हणेपर्यंत त्यांना चिरा गेल्या. विकणाऱ्याने दुसरे पाठवले, तेही तसलेच. जुना रबर मऊ असेल तर स्वच्छ करून तोच ठेवा.

ब्रेकमध्ये मात्र मी मूर्खपणा केला, कबूल करतो. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर नवे घातले, पण ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या, म्हणजे होज, बाहेरून चांगले दिसत होते म्हणून तेच ठेवले. दुसऱ्याच आठवड्यात पुढचं एक चाक इतकं तापलं की हात लावू देईना. होज आतून फुगला होता. दाबलं की ऑइल पुढे जायचं, सोडलं की परत यायचं नाही. १९६५च्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. सगळे होज बदलले.

गाडीची मूळची ६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्टवर न नेता तशीच ठेवल्याबद्दल मला खूप ऐकावं लागलं. तितक्याच वॅटला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, त्यामुळे गंजलेला एक जोड १२ व्होल्टच्या गाडीत चालून जातो तो इथे सेल्फ अडवतो. मी प्रत्येक अर्थिंग चकाकेपर्यंत घासलं आणि जाड केबल टाकल्या. आठ महिन्यांत सेल्फने एकदाही दगा दिला नाही. दिवे मात्र पिवळट, अंधाऱ्या रस्त्यावर रात्री मी ती काढत नाही.

चालवायला कशी? ३४ हॉर्सपॉवर, आवाज भरपूर, वळणावर मध्येच ब्रेक मारलेला मागच्या ॲक्सलला खपत नाही. रेडिएटरच नाही, त्यामुळे पाणी गळायचा प्रश्न नाही, पण थंड करणारा पंखा डायनमोच्या शाफ्टवर असतो. सहाव्या महिन्यात डॅशवरचा डायनमोचा लाल दिवा लागला, तसा जागीच थांबलो. डायनमो फिरवणारा पट्टा तुटलेला. तसाच पुढे गेलो असतो तर नवा पिस्टन संच भाजला असता. जादा पट्टा पुढच्या डिकीत होता, वीस मिनिटांत निघालो. इंजिन ऑइल अडीच लिटर, त्याला फिल्टर नाही, फक्त जाळी. त्यामुळे मी दर २,५०० किलोमीटरला बदलतो.

पुढच्या महिन्यात उजवा चॅनल कापायचाय. त्यासाठी बॉडी चॅसिसवरून पुन्हा उचलायची. नवा पत्रा येऊन पडलाय, आणि या वेळी ते काळं रसायन मी शेडच्या बाहेर ठेवलंय.