600 रुपये ब्रासची सरकारी वाळू : जुळे सोलापुरातील एका ग्राहकाचा अभिप्राय

जुळे सोलापुरात आम्ही घराचे बांधकाम काढले ते 2023 च्या दिवाळीनंतर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे वाळू धोरण मंजूर केले होते आणि शासनाच्या वाळू विक्री डेपोतून 600 रुपये ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) दराने वाळू मिळेल, असे तत्कालीन महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील यांनी जाहीर केले होते. खासगी वाळू आमच्या मिस्त्रींच्या ओळखीच्या गाडीवाल्याकडून 7,000 रुपये ब्रासने पोहोच मिळत होती, तीही रात्री बारानंतर आणि पावतीशिवाय. तशी वाळू घरात घालायची नाही, असे आम्ही ठरवले आणि 4 ब्रासची ऑनलाइन नोंदणी केली. ज्यांना वाळू घ्यायची आहे, त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मालाविषयी. वाळू खरोखर उत्तम होती. आमच्या मिस्त्रींची परीक्षा जुन्या पद्धतीची आहे: काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्यायची, वर पाणी ओतून बरणी जोराने हलवायची आणि तासभर तशीच ठेवायची. खासगी गाडीच्या नमुन्यात वाळूवर मातीचा बोटभर थर बसला होता. डेपोच्या वाळूवर जेमतेम नखाएवढा बसला आणि वरचे पाणीही लवकर निवळले. "साहेब, ही खरी भीमेची वाळू. स्लॅबला डोळे झाकून वापरा, गिलाव्याला तेवढी चाळून घेऊ," असे ते म्हणाले. चाळणीवर थोडे शिंपले आणि गोटे राहिले, त्यापलीकडे काही निघाले नाही.

आता पावती. डेपोत वाळू ब्रासने नव्हे, मेट्रिक टनाने मोजत. एक ब्रास वजनात साधारण साडेचार टन भरते. दर टनाला 133 रुपये, त्यामुळे आमच्या 18 टनांचे 2,394 रुपये झाले. त्याखाली जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणकामाची झळ बसलेल्या भागांसाठीचा) निधी आणि वाहतूक परवान्याचे सेवाशुल्क अशा लहान रकमा होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी वाळूची छापील पावती हातात घेतली होती, आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटले.

मात्र सेवा म्हणाल तर तक्रार आहे आणि ती मोठी आहे. पैसे भरल्यापासून वाळू दारात पडेपर्यंत 46 दिवस गेले. या काळात मी डेपोवर दोनदा जाऊन आलो. भीमेच्या काठचे ते ठिकाण आमच्या घरापासून सुमारे 40 किलोमीटर आहे, आणि दोन्ही वेळा खिडकीतल्या मुलाने एकच उत्तर दिले: "काका, साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात बघा." स्लॅबचे काम थांबले, सेंट्रिंगवाल्याने भाड्याचे वाढीव पैसे घेतले आणि मजूर दुसऱ्या साइटवर गेले. वाळू उपलब्ध झाल्याचा संदेश आला तेव्हा गाडीचा प्रश्न उभा राहिला. धोरणाप्रमाणे डेपोपासून पुढची वाहतूक ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने करायची होती, आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या टिपरवाल्यांचा दर एकच होता. आम्हाला 11,000 रुपये मोजावे लागले. म्हणजे 2,394 रुपयांच्या वाळूला तिच्या साडेचार पट भाडे. खासगी वाळूच्या 28,000 रुपयांपेक्षा हे निम्म्याच्या आतच पडले, हे मान्य करतो, पण "600 रुपयांत वाळू" हे वाक्य डेपोच्या फाटकापर्यंतच खरे होते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते येथेच, म्हणून थोडे थांबून लिहितो. वाळू कोणाची, याचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिलेले आहे. केंद्राच्या 1957 च्या खाण व खनिज कायद्यात साधी वाळू गौण खनिजांत मोडते आणि कलम 15 प्रमाणे तिच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजांवर राज्य शासनाचा हक्क आहे, आणि विनापरवाना उत्खनन करणाऱ्याला बाजारमूल्याच्या पाच पटींपर्यंत दंड करता येतो. खनिज उचलणारा सरकारला जी रक्कम देतो, तिला मराठीत आपण स्वामित्वधन म्हणतो. हा शब्द नेमका आहे, कारण हे धन्याला त्याच्या वस्तूबद्दल मिळणारे पैसे आहेत. 25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही 8 विरुद्ध 1 अशा बहुमताने हेच सांगितले, की स्वामित्वधन हा कर नसून खनिजाच्या हक्काचा करारानुसार द्यायचा मोबदला आहे.

राज्याचा हक्क म्हणजे आपणा सर्वांच्या वतीने सांभाळलेला हक्क, असे मी समजतो. मग 600 रुपये सरकारी दराची वाळू शहरात 7,000 रुपयांना विकली जाते, तेव्हा मधल्या रकमेतून उपसा आणि वाहतुकीचा खरा खर्च वगळून जे उरते, ते धन्याच्या पदरात न पडता मधल्या मंडळींकडे जाते. 2023 च्या धोरणाने ही गळती डेपोपर्यंत बंद केली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु डेपोपासून घरापर्यंतचा रस्ता मोकळा सोडल्याने तीच गळती भाड्याच्या नावाने पुन्हा सुरू झाली. गाड्यांची नोंदणी करून किलोमीटरमागे दर ठरवून दिला असता आणि तो पावतीवरच छापला असता, तर आमचे निदान काही हजार रुपये वाचले असते.

दुसऱ्या खेपेला डेपोजवळच्या वस्तीवर चहाला थांबलो असताना एका वयस्क शेतकऱ्याने त्यांची विहीर दाखवली. पात्रात हातभर वाळू होती तोवर नदी आटली तरी विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी असायचे, आता संक्रांतीलाच मोटर बंद ठेवावी लागते, असे ते सांगत होते. वाळू पाणी धरून ठेवते आणि काठाच्या विहिरींना हळूहळू पुरवते. ती खरवडून निघाली की पाणी थांबत नाही. आपण शहरातली माणसे यापासून लांब आहोत असे मुळीच नाही. उजनी धरणातून भीमेच्या पात्रात सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीच्या पंपगृहातून सोलापूरला येत आले आहे, आणि तेही नळाला रोज येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हरियाणाच्या प्रकरणात पाच हेक्टरांखालील लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरवली, ती याच काळजीपोटी. पावतीवर काठच्या गावाच्या विहिरीसाठी वेगळी ओळ मला दिसली नाही. ती असायला हवी होती, आणि तिच्यासाठी मी ब्रासमागे आणखी 200 रुपये आनंदाने दिले असते.

मालाला पाचपैकी साडेचार, दराला चार आणि सेवेला दीड गुण मी देईन.

ही डेपो पद्धत आता राहिलेली नाही. अनेक ठिकाणी डेपोच्या निविदांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नव्हता, आणि एप्रिल 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या कार्यकाळात आलेल्या धोरणाने पुन्हा नदीपात्रातील वाळूचे ई-लिलाव आणले. शासकीय बांधकामांत 20 टक्के कृत्रिम (दगड बारीक करून केलेली) वाळू बंधनकारक झाली. आम्हीही मागच्या खोलीच्या गिलाव्याला धुतलेली कृत्रिम वाळू वापरली. तिला पाणी थोडे जास्त लागले, पण भिंत चांगली उतरली आणि वर्षभरात एकही तडा दिसला नाही. नदीच्या वाळूचा हट्ट न धरता गिलाव्याला कृत्रिम वाळूच घ्यावी, असे मी सुचवेन.

नव्या धोरणातली मला सर्वांत आवडलेली तरतूद म्हणजे घरकुल लाभार्थ्यांना 5 ब्रासपर्यंत मोफत वाळू. मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मावशींना घरकुल मंजूर आहे आणि त्यांना वाळूचा पासही वेळेवर मिळाला, स्वामित्वधन शून्य. ट्रॅक्टरवाल्याने मात्र नदीपासून घरापर्यंत एका खेपेचे 2,500 रुपये सांगितले आणि एका खेपेत एकच ब्रास बसते. मावशींनी दोन खेपांचे पैसे कसेबसे जमवले. उरलेल्या तीन ब्रासचा पास त्यांनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवला होता, तो मी गेल्या महिन्यात पाहिला तेव्हा त्याची मुदत संपून गेली होती.