विगवॉम मोटेल, हॉलब्रुक : रूट ६६वरील एक जपलेला मुक्काम

शिकागोपासून सँटा मोनिकापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर जाणारा रूट ६६ हा महामार्ग १९२६ साली अस्तित्वात आला आणि १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला. तरीही त्याच्या उरलेल्या तुकड्यांवरून प्रवास करणाऱ्यांची ओढ कमी झालेली नाही. या वाटेवर मुक्कामासाठी एकच ठिकाण सुचवायचे झाल्यास मी ॲरिझोनातील हॉलब्रुकच्या विगवॉम मोटेलचे नाव घेईन.

पटांगणाच्या तीन बाजूंना सुमारे ३२ फूट उंचीचे, काँक्रीटचे, पांढरे शंकू उभे आहेत आणि त्यांतला प्रत्येक शंकू म्हणजे एक स्वतंत्र खोली. चेस्टर लुईस यांनी १९५० साली हे मोटेल बांधले. मूळ आराखडा फ्रँक रेडफर्ड यांचा होता आणि त्याच्या मोबदल्याची सोय मोठी कल्पक होती : खोल्यांमध्ये दहा सेंटचे नाणे टाकले की अर्धा तास चालणारे रेडिओ बसवायचे आणि त्यांत जमणारी नाणी रेडफर्ड यांना पाठवायची. पुढे नव्या द्रुतगती मार्गाने गावाला वळसा घातला, वाहतूक आटली आणि १९७४ मध्ये मोटेल बंद पडले. लुईस यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलांनी डागडुजी करून १९८८ मध्ये ते पुन्हा सुरू केले, याबद्दल त्या कुटुंबाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

खोलीत जुने हिकरी लाकडाचे सामान अजून वापरात आहे. पलंगाच्या खांबांवर लाकडाच्या गाठी तशाच ठेवलेल्या असून त्यांवरून हात फिरवला की वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला गुळगुळीतपणा जाणवतो. भिंती वर जाताना आत कलत असल्यामुळे मोठ्या बॅगा ठेवायला जागा बेताचीच मिळते. चौघांच्या कुटुंबाने दोन खोल्या घेणे सोयीचे. बाहेर दारांसमोर जुन्या काळातील मोटारी कायमच्या उभ्या असतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या क्रोमच्या पट्ट्या लखलखतात. रेल्वेमार्ग जवळ असल्याने मालगाड्यांचा आवाज रात्रीही येतो, त्यामुळे झोप सावध असणाऱ्यांनी कानांत घालायला बोळे जवळ ठेवावेत.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. विगवॉम हा शब्द अमेरिकेतील आदिवासींच्या घरांसाठीचा, पण या खोल्यांसारखे शंकूच्या आकाराचे तंबू हे मैदानी प्रदेशातील आदिवासींचे. या परिसरातील नवाहो लोकांची पारंपरिक घरे लाकूड-मातीची, तर होपींची दगडी. पर्यटकांना भुलवण्यासाठी त्या काळी हा आकार सर्रास उचलला गेला, हे ठाऊक असले म्हणजे वास्तूकडे अधिक जाणतेपणाने पाहता येते.

फिनिक्स परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी हे अंतर मोटारीने सुमारे तीन तासांचे आहे. खोल्या अवघ्या पंधरा असल्याने आरक्षण बरेच आधी करावे आणि दुसरा दिवस जवळच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानासाठी राखावा. मूळ रूट ६६चा तुकडा ज्याच्या हद्दीत आहे, असे अमेरिकेतील हे एकमेव राष्ट्रीय उद्यान होय. रस्ता तिथे उरलेला नाही, पण त्याच्या कडेने गेलेले तारांचे खांब आणि १९३२ची एक गंजलेली स्टुडबेकर मोटार त्याची जागा दाखवतात. उद्यान संध्याकाळी बंद होत असल्याने सकाळी लवकर निघावे, म्हणजे दगड झालेले ओंडके आणि पेंटेड डेझर्ट या वाळवंटी भागाचे रंग दोन्ही निवांत पाहून होतात.