प्रायमरी की म्हणून यूयूआयडी व्हर्जन ७: प्रॉडक्शनमधला अनुभव

आमच्या ॲपमधल्या नोंदी फोनवर तयार होतात, बऱ्याचदा नेटवर्क नसताना, आणि मागाहून सर्व्हरशी सिंक होतात. डेटाबेस आयडी देईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून पोस्टग्रेस डेटाबेसच्या नव्या टेबलांना प्रायमरी की (प्रत्येक नोंद ओळखणारा आयडी) म्हणून बिगइंट या पूर्णांकाऐवजी यूयूआयडी व्हर्जन ७ दिलं, म्हणजे डेटाबेसला न विचारता कुठेही बनवता येणारा १२८ बिटांचा आयडी. आता ते बरेच महिने सुरळीत चाललंय.

‘यूयूआयडी म्हणजे स्लो’ हे मत मुख्यतः व्हर्जन ४ मुळे पसरलंय. त्यातले १२८ पैकी १२२ बिट रँडम असतात, त्यामुळे बी-ट्री इंडेक्समध्ये (आयडी क्रमाने लावून ठेवणाऱ्या सूचीत) प्रत्येक नवा आयडी भलत्याच पेजमध्ये (साठवणीच्या तुकड्यात) जाऊन पडतो. इंडेक्स मेमरीत मावेनासा झाला की इन्सर्ट रखडू लागतात. शिवाय चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवल्यावर) एखाद्या पेजमध्ये पहिला बदल झाला की पोस्टग्रेस एरवी ते ८ केबीचं अख्खं पेज वॉलमध्ये (बदल आधी नोंदवायच्या लॉगमध्ये) लिहितं. इन्सर्ट जितके विखुरलेले, तितका वॉल फुगतो. व्हर्जन ७ मध्ये पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ असते, म्हणून नवे आयडी इंडेक्सच्या उजव्या टोकाला ओळीने बसतात. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकाने हे प्रमाणित केलं आणि पोस्टग्रेस १८ मध्ये त्याचं फंक्शन आयतंच मिळतं.

पण आयडी वेळेनुसार लागतो म्हणून त्याचाच सिंक कर्सर (कुठवर वाचून झालं याची खूण) करू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. समजा, एक फोन सकाळपासून ऑफलाइन आहे. त्याच्या नोंदी संध्याकाळी सर्व्हरवर येतात, पण त्यांच्या आयडीत सकाळची वेळ असते. बाकीच्यांचा कर्सर तोवर दुपार ओलांडून गेलेला असतो, म्हणजे ‘शेवटच्या आयडीपुढचं दे’ या क्वेरीत त्या नोंदी कधीच येणार नाहीत. फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तर आणखी गोंधळ. आम्ही सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेचं वेगळं कॉलम ठेवलंय, त्यावर इंडेक्स आहे, आणि कमिट (पक्की) व्हायची राहिलेली ट्रान्झॅक्शन सुटू नयेत म्हणून दर वेळी थोडं मागून वाचतो.

जागा अर्थातच जास्त लागते: बिगइंटचे ८ बाइट, याचे १६, आणि तेही प्रत्येक फॉरेन कीमध्ये (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीचा आयडी ठेवणाऱ्या कॉलममध्ये) व तिच्या इंडेक्समध्ये पुन्हा. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात प्रत्येक सेकंडरी (प्रायमरी कीखेरीजचा) इंडेक्स प्रायमरी की सोबत वागवतो, तिथे हा भार जास्त जाणवेल. कॉलमचा टाइप यूयूआयडीच हवा. टेक्स्ट केलात तर नुसती ३६ अक्षरं साठवत बसाल. आणि नोंद कधी तयार झाली हे आयडीवरून कुणालाही वाचता येतं, तेव्हा ती वेळ गुप्त ठेवायची असेल तर तो बाहेर दाखवू नये.

फॉरेन कीच्या कॉलमवर पोस्टग्रेस स्वतःहून इंडेक्स करत नाही. पॅरेंट टेबलमधली (ज्याचा आयडी फॉरेन कीत असतो त्यातली) एक रो उडवायला खूप वेळ लागत असेल तर एक्सप्लेन ॲनालाइझ या क्वेरीचा वेळ दाखवणाऱ्या कमांडच्या तळाशी कन्स्ट्रेंटच्या (फॉरेन की तपासणाऱ्या) ट्रिगरचा वेळ बघा: चाइल्ड टेबल (फॉरेन की असलेलं) आख्खं चाळलं जात असतं.

उलट बाजूने, न वापरलेले इंडेक्स काढल्यावर इन्सर्ट लक्षात येण्याइतके हलके झाले. त्यासाठी आयडीएक्स-स्कॅनचे (इंडेक्स किती वेळा वापरला गेला याचे) आकडे पाहिले, पण रेप्लिकावरचेही (मुख्य म्हणजे प्रायमरी सर्व्हरच्या प्रतीवरचेही). ते प्रत्येक सर्व्हरचे वेगळे मोजले जातात, आणि प्रायमरीवर शून्य दिसणारा एक इंडेक्स रेप्लिकावरचे सगळे रिपोर्ट पेलत होता.